बोलीआधी थाळी उपडी करा

कोल्हापुरात लिलाव म्हटलं की शाहू मार्केट यार्डातले गुळाचे सौदे डोळ्यांपुढे येतात. ढेप समोर असते, रंग दिसतो, कण बोटाला लागतो, आणि मग बोली चढते. जुन्या चिनी मातीच्या लिलावात यातलं काहीच हाताशी नसतं. माल मुंबईत, आपण राजारामपुरीत, मध्ये मोबाइलचा पडदा आणि कॅटलॉगमधल्या तीन ओळी. त्यामुळे खरं काम बोलीच्या दिवशी नसतंच, आधीच्या आठ-दहा दिवसांत असतं. एका लॉटच्या (म्हणजे एकत्र विकायला काढलेल्या नगांच्या) निमित्ताने ते काम जसं होत गेलं तसं इथे लिहितो आहोत.

लॉटमध्ये चार नग होते: निळ्या छापाची एक मोठी लंबगोल इंग्लिश थाळी, रंगीत ठशांचे दोन डच वाडगे, आणि आपल्याकडच्या घरांत असायची तशी वर तपकिरी, खाली पांढरट अशी दोनरंगी बरणी. वर्णनात लिहिलं होतं, ‘वयानुरूप झीज, एकूण स्थिती चांगली’. या वाक्याला काहीही अर्थ नसतो. चिनी मातीत ‘एकूण’ असं काही नसतं. चीर आहे की नाही, टवका किती मिलिमीटरचा, जोडकाम आहे का, असेल तर कुठून कुठपर्यंत, एवढंच विचारायचं असतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे कंडिशन रिपोर्ट, म्हणजे नगाच्या स्थितीचा अहवाल, लेखी मागवणं, आणि त्याबरोबर आपल्याला हवे तसे फोटो. नुसतं ‘आणखी फोटो पाठवा’ म्हटलं की समोरचा तीच थाळी समोरून आणखी चारदा काढून पाठवतो. आम्ही नेमकं लिहून देतो: प्रत्येक नग उपडा ठेवून बुडाचा फोटो, शेजारी मोजपट्टी. बुडावरच्या शिक्क्याचा जवळून फोटो. थाळी खिडकीजवळ तिरकी धरून, उजेड पृष्ठभागावरून घसरत जाईल असा एक फोटो. काठाचा चारही बाजूंनी फोटो. बरणीच्या आतला, टॉर्चचा उजेड आत टाकून. आणि प्रत्येक नगाचं वजन. वजन विचारलं की बऱ्याचदा शांतता पसरते, पण ते मिळतं, आणि उपयोगी पडतं.

तिरक्या उजेडातला फोटो सगळ्यांत महत्त्वाचा. समोरून फ्लॅश मारला की सगळीच झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, सारखी चमकते. उजेड बाजूने आला की खरी झिलई आणि वरून मारलेला रंग यांतला फरक दिसतो. भट्टीतल्या झिलईवर उजेडाची रेघ धारदार उमटते, रंगाच्या थरावर तीच रेघ जराशी पसरते, मऊ होते. आमच्या थाळीच्या डाव्या काठाजवळ ती रेघ पाचेक सेंटिमीटरभर अशी मऊ झालेली दिसली. तिथे काहीतरी केलेलं होतं, हे तेव्हाच कळलं.

आता मातीबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सगळ्याला आपण ‘चिनी माती’ म्हणतो, पण संग्रहाच्या दृष्टीने तीन जाती वेगळ्या ओळखू याव्या लागतात. अर्थनवेअर ही कमी तापमानाला, साधारण १,००० ते १,१५० अंश सेल्सिअसला भाजलेली, आतून सच्छिद्र राहिलेली माती. झिलई नसेल तर ती आपल्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास किंवा जास्तही पाणी पिते. स्टोनवेअर १,२०० अंशांच्या वर भाजतात. अंग दगडासारखं घट्ट होतं आणि पाणी शोषणं दोन-तीन टक्क्यांवर येतं. पोर्सेलिन त्याहून वर भाजतात, शोषण एका टक्क्याहून कमी, आणि पातळ असेल तर टॉर्चपुढे धरल्यावर बोटांची सावली पलीकडून दिसते. बोन चायना हा पोर्सेलिनचाच इंग्लिश प्रकार. त्यात जवळपास निम्मी हाडांची राख असते. घरात ते चालत नसेल तर बोलीच्या आधीच विचार करा, नंतर नाही.

आमची थाळी अर्थनवेअर, वाडगेही अर्थनवेअर, बरणी स्टोनवेअर. म्हणजे थाळीला जाळी पडलेली असू शकते, आणि जाळीतून डाग आत गेलेले असू शकतात. जाळी म्हणजे झिलईतल्या बारीक भेगा. भट्टीतून निघून गार होताना झिलई अंगापेक्षा जास्त आकसली तर त्या तिथेच पडतात. पण सच्छिद्र माती वर्षानुवर्षं हवेतला ओलावा पिऊन किंचित फुगते, झिलई फुगत नाही, आणि मग पन्नास वर्षांनीही जाळी उमटते. म्हणून जाळी म्हणजे दोष असं लगेच ठरवू नये. ती पांढरी आहे की तपकिरी, एवढं मात्र बघावं. तपकिरी असेल तर तेल, चहा, मटणाचा रस्सा किंवा पुराचं पाणी, काहीतरी आत मुरलेलं आहे.

हो, पुराचं पाणी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेच्या काठच्या पेठांत किती कपाटं पाण्यात उभी राहिली हे आपल्याला सांगायला नको. त्यानंतरच्या वर्षांत या भागातून विक्रीला येणाऱ्या जुन्या बश्यांत एक खूण वारंवार दिसते: जाळीच्या रेघांत पिवळट-राखाडी गाळाची आडवी रेषा, जिथपर्यंत पाणी चढलं होतं तिथपर्यंत. ती ठेवणीची खूण नव्हे, बुडीची खूण. त्यातले क्षार बाहेर काढता येतात, पण वेळ लागतो, आणि किमतीत तो धरायला हवा.

बुडावरचे शिक्के हा आवडता विषय आणि फसायची हुकमी जागा. काही गोष्टी पक्क्या आहेत. अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. त्यामुळे बुडावर नुसतं ‘इंग्लंड’ छापलेलं असेल तर नग साधारण १८९१ नंतरचा. ‘मेड इन इंग्लंड’ हे बहुतेक विसाव्या शतकातलं. जपानी मालावर ‘निप्पॉन’ असेल तर १८९१ ते १९२१, त्यानंतर ‘जपान’. ‘ऑक्युपाइड जपान’ म्हणजे महायुद्धानंतर, १९५२ पर्यंतच्या ताब्याच्या काळातलं. ‘वेस्टर्न जर्मनी’ १९४९ नंतरचंच. इंग्लिश मालावर चौकट उभी करून ठेवल्यासारखा हिऱ्याचा शिक्का असेल, आणि त्याच्या टोकावरच्या वर्तुळात रोमन चार असेल, तर नमुन्याची नोंदणी १८४२ ते १८८३ या काळातली. रोमन चार म्हणजे मातीकामाचा वर्ग. १८८४ पासून त्या जागी ‘आरडी नंबर’, म्हणजे नोंदणी क्रमांक, आला, एकपासून सुरू होऊन १९०० उजाडेपर्यंत तो साडेतीन लाखांच्या वर गेला होता. पण ही तारीख नमुना नोंदवल्याची, थाळी भाजल्याची नव्हे. तोच नमुना पुढे वीस वर्षं छापला जात असे.

नावांतही खाचखळगे आहेत. जोसाया वेजवुडच्या कारखान्याचा शिक्का नुसता ‘वेजवुड’. ‘वेजवुड अँड कंपनी’ हा वेगळा कारखाना, आणि मध्ये जादा ‘ई’ घातलेलं नाव तर तिसऱ्याच घराचं. जर्मनीतल्या माइसेन कारखान्याच्या तलवारी आणि फ्रान्समधल्या सेव्हरचे गुंतलेले दोन एल इतक्या जणांनी उचलले आहेत की नुसत्या चिन्हावर विश्वास ठेवून बोली लावू नये. चिनी नगावर सहा अक्षरी राजमुद्रा असली म्हणजे नग त्या सम्राटाच्याच काळातला, असंही नाही. मागच्या सम्राटाची मुद्रा आदराने घालण्याची तिथे जुनी रीत आहे. आधी माती, मग बैठकीची कड (नग जिच्यावर टेकतो ती), मग छपाई, आणि शिक्का सगळ्यांत शेवटी, असा क्रम ठेवला की शिक्का आपल्याला फिरवू शकत नाही.

आमच्या वाडग्यांवर ‘सोसिएते सेरामिक, मास्ट्रिख्त’ असा शिक्का होता. मास्ट्रिख्तचा हा कारखाना आणि तिथलाच पेट्रुस रेगू यांचा, ज्याच्या मालावर स्फिंक्सचं चित्र असतं, हे दोघे अनेक वर्षं एकमेकांचे स्पर्धक होते, १९५८ मध्ये एक झाले. त्यांचा स्पंजच्या ठशांनी रंगवलेला माल पूर्वेकडे भरपूर आला. केरळातल्या घरांत तो अजून सापडतो. ठसा हाताने मारलेला असल्याने एकाच वाडग्यावरची दोन फुलं कधी हुबेहूब नसतात. कुठे रंग दाट, कुठे विरळ, आणि फेरी पूर्ण होते तिथे शेवटचं फूल अर्धं किंवा दाटीवाटीने बसवलेलं. दहापट भिंगाखाली ठशाच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. हल्लीच्या डिकॅलच्या, म्हणजे तयार छापील चित्र चिकटवून केलेल्या, छपाईत त्याच जागी मासिकातल्या फोटोसारखे बारीक, सारखे ठिपके दिसतात. भिंग दीडशे-दोनशे रुपयांत सोनाराच्या सामानाच्या दुकानात मिळतं, गुजरीत विचारा.

थाळीवर निळ्या छापाचा विलो पॅटर्न होता: पूल, त्यावर तीन माणसं, वर दोन पक्षी. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडात शेकडो कारखान्यांनी तो छापला, म्हणून दुर्मीळ अजिबात नाही, आणि नवशिक्याने यावरच हात बसवावा असं आमचं मत आहे. चूक झाली तरी थोडक्यात भागते. जुनी छपाई कागदावरून उतरवलेली असते, आणि काठाच्या नक्षीचा कागद जिथे जुळवला तिथे सांधा राहतोच. रेषा तुटते, नक्षी अर्ध्यावर कापली जाते. हा सांधा सापडला की बरं वाटतं. थाळी उपडी केल्यावर झिलईत तीन-तीन ठिपक्यांचे पुंजके दिसले तर ते भट्टीत रचताना लावलेल्या टेकूंच्या खुणा. त्यांना टवका समजून भाव पाडायला जाऊ नका.

लिलावघर प्रीव्ह्यू ठेवतं, म्हणजे बोलीआधी माल प्रत्यक्ष बघू देतं, आणि शक्य असेल तर जावंच. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी मुंबईत, दुपारभर प्रीव्ह्यू, रात्री परत. पन्नास हजारांच्या लॉटसाठी हा खर्च करावा, आठ हजारांच्या लॉटसाठी नाही. आमच्या लॉटबरोबर आणखी दोन बघायचे होते म्हणून गेलो.

सोबत नेतो त्या वस्तू थोड्या: भिंग, मऊ टेप, छोटा टॉर्च, आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. नोटा तपासायला मिळतो तो बहुतेक ३९५ चा असतो. त्याचा स्वतःचा जांभळा उजेड इतका असतो की खालचं काही दिसत नाही. ३६५ चाच घ्यावा. अंगठ्या-बांगड्या काढून ठेवाव्यात. हात कोरडे हवेत. सुती हातमोज्यांतून झिलईदार वस्तू सटकते, त्यामुळे ते नकोत.

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत माठ घेताना बायका टिचकी मारतात, तीच टिचकी इथेही. वाडगा उघड्या तळहातावर ठेवायचा, बोटं काठाला लागू द्यायची नाहीत, आणि नखाने काठावर हलकेच टिचकवायचं. अखंड पोर्सेलिन घंटेसारखं लांबवर वाजतं. चीर असली की बद्द वाजतं. पण अर्थनवेअर मुळातच जरा बद्द असतं, आणि जाळी पडलेलं तर आणखीच. तेव्हा एकाच जातीचे दोन नग शेजारी वाजवून फरक ऐकावा. आमचे दोन वाडगे त्यासाठी सोयीचे होते. एक ‘टण्ण’ म्हणाला, दुसरा ‘ठप’. दुसऱ्याच्या काठावरून खाली चार सेंटिमीटर उतरलेली केसाएवढी चीर होती, फुलाच्या पानाच्या कडेने गेलेली, म्हणून फोटोत लपली होती. आतून टॉर्च लावल्यावरही ती दिसली नाही, कारण अर्थनवेअरमधून उजेड पलीकडे जात नाही. नखाला मात्र लागली.

थाळीचा डावा काठ अतिनील उजेडात निळसर-पांढरा चमकला, सहा सेंटिमीटर लांब आणि दोन रुंद. आजूबाजूची झिलई गडद जांभळी. हा इपॉक्सी किंवा तसल्या रेझिनचा भराव, वर निळा रंग आणि वार्निश. तुटलेला काठ भरून नक्षी पुन्हा रंगवली होती. जुना लाखेचा सांधा असता तर नारिंगी झळकला असता. भराव खालच्या ओठाला टेकवला तर शेजारच्या झिलईपेक्षा कोमट लागतो. भट्टीतली झिलई गार असते. सुईने खरवडून किंवा ॲसिटोनने पुसून बघणं हे दुसऱ्याच्या मालावर कधीही करायचं नाही.

लिलावघराच्या माणसाला दाखवलं. तो म्हणाला, “ताई, हे आम्हाला विक्रेत्याने सांगितलंच नव्हतं.” कंडिशन रिपोर्टमध्ये दुरुस्ती घालून पाठवली. ती लेखी घेतली हे महत्त्वाचं, कारण बहुतेक ठिकाणी ‘जसं आहे तसं’ हीच अट असते आणि नंतर तक्रार चालत नाही.

काही दुरुस्त्या उलट आनंदाच्या असतात. जुन्या थाळ्यांच्या पाठीला धातूचे चिमटे मारलेले दिसतात, स्टेपलसारखे. बारीक छिद्रं अर्ध्या जाडीपर्यंत पाडून, चिमटा तापवून बसवायचा, गार होताना तो आवळतो आणि तडा घट्ट धरतो. डिंकाविना. शंभर वर्षांनीही अशी थाळी पाणी धरते. हे चिमटे काढून ‘नीट’ जोडून द्या असं कुणी सांगितलं तर ऐकू नये.

आता हिशोब. इथेच पैसे जातात. हातोडा पडतो ती किंमत म्हणजे आपल्याला पडणारी किंमत नव्हे. तिच्यावर लिलावघराचं बायर्स प्रीमियम (घेणाऱ्याकडून घेतलं जाणारं कमिशन), त्यावर कर, मग पॅकिंग आणि वाहतूक. दर प्रत्येक लिलावाच्या नियमावलीत असतात, आणि काही ठिकाणी कर मूळ किमतीवरही लागतो. बोलीआधी ते पान वाचून उलटा हिशोब करायचा. समजा प्रीमियम २० टक्के आणि फक्त प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे हातोड्याच्या किमतीवर २३.६ टक्के. आपण एकूण १२,००० च्या वर जायचं नाही असं ठरवलंय, पॅकिंग-वाहतूक १,८०० धरली, उरले १०,२००. त्याला १.२३६ ने भागलं की ८,२५२. बोलीची पायरी ५०० ची असेल तर आपली शेवटची बोली ८,०००. त्यावर एकूण बिल ११,६८८ येतं. गरम डोक्याने ९,००० पर्यंत गेलो तर १२,९२४. हजाराच्या बोलीने सव्वाबाराशे वाढतात, हे बोलीच्या क्षणी डोक्यात राहत नाही, म्हणून आकडा कागदावर लिहून समोर ठेवतो.

चीर आणि भराव सापडल्यावर आम्ही १२,००० चे ९,००० केले. पॅकिंग-वाहतूक वजा जाता उरले ७,२००, भागिले १.२३६ म्हणजे ५,८२५; बोलीची हद्द ५,५००. लेखी बोली आदल्या दिवशी देऊन टाकली. ऑनलाइन समोर बसून बोली लावली की शेवटच्या तीस सेकंदांत हात थांबत नाही, आणि लेखी बोलीत लिलावघर फक्त दुसऱ्याच्या बोलीहून एक पायरी वर जातं, थेट हद्दीवर उडी मारत नाही. लॉट ४,५०० ला मिळाला. भरावाची नोंद रिपोर्टमध्ये आल्यावर बाकीचे थंडावले असावेत.

बिल घेताना लॉट नंबर, तारीख, वर्णन आणि विकणाऱ्याचा परवाना बघावा. १९७२ च्या पुराण वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं आणि त्याहून जुनी वस्तू पुराण वस्तूंत मोडू शकते. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याविना करता येत नाही आणि त्या खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या मुलीला आजीची जुनी बरणी पाठवायची असेल तर आधी ती शंभराच्या आतली असल्याचा पुरातत्त्व खात्याचा दाखला लागतो. दुसरं: जुन्या गावठाणात पायाच्या खोदाईत मडकं, खापर, काही निघालं तर ते संग्रहात घालायचं नसतं. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ च्या उत्खननात काय काय निघालं ते टाउन हॉलच्या संग्रहालयात जाऊन बघावं.

वाहतुकीत जितकी चिनी माती फुटते तितकी शंभर वर्षांच्या वापरात फुटत नाही. पॅकिंगच्या सूचना आम्ही लिहून देतो. आधी टिश्यू कागद, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला, म्हणजे सोनेरी रेघेवर गोल ठसे उठत नाहीत. वर्तमानपत्र थेट गुंडाळायचं नाही. जाळी पडलेल्या झिलईत शाई मुरते. थाळ्या उभ्या, काठावर, आडव्या एकावर एक कधीही नाही. आडव्या रचल्या की खड्ड्यातला धक्का सरळ मधल्या बुडावर येतो. उभी थाळी तोच धक्का काठाच्या कमानीवर घेते. बरणीच्या आत कागद सैल भरायचा. ठासून भरला तर धक्क्यासरशी तो आतून रेटतो आणि गळ्याला तडा जातो. मग हा खोका दुसऱ्या खोक्यात, सगळीकडून किमान पाच-सहा सेंटिमीटर जागा सोडून. हलवल्यावर काहीही हलल्याचा आवाज आला नाही पाहिजे. कुरिअरचा विमा काच आणि चिनी मातीला बहुतेकदा लागू नसतो, अटी वाचा. आम्ही शक्यतो ओळखीच्या माणसाबरोबर गाडीतून, सीटखाली मागवतो. ट्रॅव्हल्सच्या डिकीत नाही.

खोका गादीवर उघडावा, व्हिडिओ चालू ठेवून. आमचे चारही नग सुखरूप आले.

पहिले दोन दिवस काहीही धुवायचं नाही. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढायची. मग प्लास्टिकच्या टबात जाड टॉवेल, कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे चार थेंब. एका वेळी एकच नग. नळाखाली धरायचं नाही. नळाची तोटी ही घरातली सर्वांत धोक्याची वस्तू. जुनं जोडकाम असलेली थाळी बुडवायचीच नाही, सरसाचा सांधा गरम पाण्यात सुटतो. तिला ओल्या कापसाने पुसायचं. सोनेरी काठ चोळायचा नाही.

वाडग्यांच्या जाळीत तपकिरी डाग होते. इथे घराघरांत क्लोरिनचं ब्लीच वापरतात, आणि तेच करू नये. ब्लीचचे क्षार जाळीखाली अडकतात, वाळताना स्फटिक होतात आणि झिलई पापुद्र्यासारखी उडवतात. वापरायचं ते औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. आधी वाडगा रात्रभर साध्या पाण्यात, म्हणजे डाग आणखी आत ओढला जात नाही. मग पेरॉक्साइडने भिजवलेला कापूस डागावर, वरून क्लिंग फिल्म, चोवीस तास. हातमोजे घालून. आमच्या वाडग्यांना तीन फेऱ्या लागल्या. चीर असलेल्याचा डाग पूर्ण गेला नाही, चिरेच्या दोन्ही बाजूंना फिकट तपकिरी सावली राहिली, आणि ती तशीच राहू दिली. चिमटे असलेल्या किंवा सोनेरी काम असलेल्या नगाला पेरॉक्साइड लावायचं नाही.

बरणीला वेगळा त्रास होता. बाहेरून, खालच्या पांढरट भागात, पांढरी भुकटी फुटत होती. पुसली की जायची, आठवड्यात पुन्हा. हे लोणच्याचं मीठ. कधीकाळी आतल्या झिलईत भेग पडली, खारं पाणी अंगात गेलं, आणि आता हवेतल्या ओलाव्याने बाहेर येतंय. पावसाळ्यात जास्त. उपाय एकच: पाण्यात बुडवून मीठ बाहेर काढणं, आणि ते कधी संपलं हे मोजणं. आरओचं पाणी घेतलं, घरातल्या फिल्टरबरोबर आलेला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) वापरला. बरणी पूर्ण बुडेल एवढी बादली, सुरुवातीचं माप ४०. दुसऱ्या दिवशी ३१०. पाणी बदललं, २२०. मग १४०, ९५, ७०. नवव्या दिवशी ४८ वर थांबलं आणि दुसऱ्या दिवशीही तेवढंच. मग सावलीत, उपडी, दोन लाकडी पट्ट्यांवर, तीन आठवडे. पुराच्या गाळाचे क्षारही असेच निघतात, फक्त अर्थनवेअरला दुप्पट दिवस धरावेत.

तुटलेलं काही जोडायचं असेल तर फेविक्विक नको. सांधा क्षणात बसतो, केसभर वाकडा बसला तरी हलत नाही, आणि पुढचा प्रत्येक तुकडा त्या केसभराने चुकत जातो. संग्रहालयांत वापरतात ते पॅरालॉइड बी-७२ नावाचं रेझिन ॲसिटोनमध्ये विरघळवून लावलं तर पुन्हा सोडवताही येतं. थाळीचा भराव आम्ही तसाच ठेवला आहे. मागे पेन्सिलीने कागदी चिठ्ठीवर त्याचं माप लिहून चिकटवली नाही, तर सोबतच्या वहीत नोंदवलं. चिकटपट्टीने झिलईवरचा रंग उचलला जातो.

जेवायला वापरायचं का, हे सगळे विचारतात. जुन्या अर्थनवेअरच्या झिलईत शिसं असणं नेहमीचं आहे, आणि चिंच, कोकम, लिंबू, दही ते बाहेर काढतं. म्हणून थाळी आणि वाडगे फक्त मांडणीत, स्प्रिंगच्या टांगणीवर नाही, खोबण असलेल्या लाकडी स्टँडवर. स्प्रिंग चोवीस तास काठ ओढत राहते, आणि आमच्या थाळीचा काठ आधीच एकदा गेलेला आहे. कोयनेकडचे धक्के अधूनमधून जाणवतात, म्हणून बुडाखाली म्युझियम वॅक्सचे, म्हणजे वस्तू जागेवर धरून ठेवणाऱ्या चिकट मेणाचे, वाटाण्याएवढे तीन गोळे.

बरणीची परीक्षा राहिली होती. पूर्ण वाळल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन ४,१८० ग्रॅम भरलं. गळ्यापर्यंत पाणी भरून वर्तमानपत्रावर चोवीस तास ठेवली. कागद कोरडा राहिला. ओतून, पुसून पुन्हा वजन केलं: ४,२१५. पस्तीस ग्रॅम, म्हणजे एका टक्क्याच्या आत. अंग अजून घट्ट आहे. आतली भेग मात्र आहे तिथेच आहे, त्यामुळे लोणचं नाही. तिच्यात आता तांदूळ आहेत, आणि तोंडाला दादरा बांधलाय.